स्वप्नाची परीक्षा घेणारे आचार्य : धर्मानंद कोसंबी

आपल्या वसतिगृहात उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवसांचे श्रामणेर शिबिर भरते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी या शिबिरात डोक्याचे मुंडन करून चीवर अंगावर घेतलेले आहे. काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीतील एक विद्यार्थी शिबिराच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला आणि आपण आयुष्यभर भिक्खू राहण्याचा निश्चय केला आहे असे त्याने मला सांगितले. त्याच्या डोळ्यांसमोर पिंपळाचे झाड, काषाय वस्त्र आणि शांत मुद्रा एवढेच चित्र होते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी तोच मुलगा भोजनगृहाच्या पायरीवर एकटा बसलेला दिसला. दुपारी बारानंतर अन्न घ्यावयाचे नाही, हा नियम त्याला जड जात होता. हे असे रोजच असते का, असे त्याने हळू आवाजात विचारले. आपला निश्चय खोटा ठरला या लाजेने त्याचा चेहरा उतरला होता.

त्या सायंकाळी मी त्याला आचार्य धर्मानंद कोसंबी यांची हकीकत सांगितली. स्वप्न पाहणे आणि ते काही काळ प्रत्यक्ष जगून पाहणे यांत केवढे अंतर असते, हे समजण्यासाठी महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात याहून चांगले चरित्र मला ठाऊक नाही. तीच हकीकत येथे थोडी विस्ताराने मांडतो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. कुटुंब गौड सारस्वत ब्राह्मण, पण श्रीमंत नव्हे. नारळीच्या बागायतीवर चरितार्थ चाले. लहानपणी प्रकृती नाजूक, गावात शिक्षणाची सोय अपुरी. त्यामुळे शालेय शिक्षण असे त्यांना फारसे मिळालेच नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि बागेची देखरेख, माडांची राखण, संसाराचा व्याप यांत तारुण्याची वर्षे जाऊ लागली.

या तरुणाच्या हाती मराठी पुस्तके आणि मासिके पडत होती. ‘बालबोध’ मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांनी वाचले, पुढे गोविंद नारायण काणे यांचे ‘जगद्गुरू गौतमबुद्धचरित्र’ वाचले, आणि त्यांचे मन त्या एका विषयाने व्यापून टाकले. तुकोबांच्या अभंगांनी त्यांना धीर दिला होता, बुद्धाच्या चरित्राने दिशा दिली. घरदार सोडावे, बुद्धाचा मूळ उपदेश ज्या भाषेत आहे ती भाषा शिकावी, भिक्खूचे जीवन जगावे आणि ते ज्ञान आपल्या लोकांना सांगावे, हे त्यांचे स्वप्न ठरले.

परंतु बागेतल्या झोपडीत बसून पाहिलेले हे स्वप्न बरीच वर्षे स्वप्नच राहिले. या काळात ते एकदोनदा नव्हे, अनेकदा घर सोडून निघाले आणि परत आले. कधी धैर्य पुरले नाही, कधी पैसा, कधी घरची ओढ आड आली. आपण चरित्रनायकांना जन्मतःच दृढनिश्चयी मानतो. धर्मानंदांनी मात्र ‘निवेदन’ या आपल्या आत्मचरित्रात ही माघार लपवलेली नाही. पुनःपुन्हा परतणारा हा तरुण आपल्याच घरातल्या एखाद्या मुलासारखा वाटतो, म्हणूनच त्याची पुढची वाटचाल आपल्या उपयोगाची आहे.

१८९९ साली त्यांची पहिली मुलगी माणिक हिचा जन्म झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी गोवा सोडला. या वेळी ते परत फिरले नाहीत. प्रथम ते पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पाली शिकण्यापूर्वी संस्कृतचा पाया पक्का असावा म्हणून त्यांनी काशीची वाट धरली. काशीत हा परप्रांतीय, निर्धन विद्यार्थी ब्राह्मणांसाठी चालणाऱ्या अन्नछत्रात जेवून शास्त्रीमंडळींकडे संस्कृत शिकला. राहण्याची आबाळ, रोगराईची भीती आणि अर्धपोटी अभ्यास अशी ती वर्षे गेली.

येथे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. काशीचे ते अन्नछत्र सर्वांसाठी नव्हते. धर्मानंदांच्या कष्टांविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनही हे विसरता येत नाही की, त्यांना भुकेच्या वेळी जो दरवाजा उघडा मिळाला तो जन्माने उघडलेला होता. त्याच सुमारास, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले, आणि त्याला वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागत होते. ज्ञानाची तहान दोघांची सारखीच होती. एकाला ब्राह्मण म्हणून अन्न मिळत होते, तर दुसऱ्याला अस्पृश्य म्हणून शाळेतल्या पाण्याच्या भांड्यालाही हात लावता येत नव्हता. स्वप्नाची परीक्षा घेण्याची मुभासुद्धा या देशात जातीप्रमाणे वाटली गेली होती. धर्मानंदांचे चरित्र आपण वाचावे ते हे भान ठेवून.

काशीहून ते बुद्धाच्या धर्माचा जिवंत ठाव शोधीत १९०२ साली नेपाळात गेले. ज्या देशात तथागतांची जन्मभूमी, तेथे तरी शुद्ध धर्म पाहावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांना दिसली ती कर्मकांडाची आणि पशुहत्येची गर्दी. बुद्धाच्या नावाभोवती जे काही उरले होते, त्यात त्यांना हवे असलेले ज्ञान नव्हते. पुस्तकात वाचलेला प्रदेश आणि पायाखालचा प्रदेश यांतील हा फरक त्यांच्या वाट्याला आलेला पहिला मोठा धक्का होता. एखादा याच ठिकाणी निराश होऊन परतला असता, किंवा जे दिसले त्यालाच धर्म मानून गप्प बसला असता. धर्मानंदांनी यातील काहीच केले नाही. नेपाळात जे नाही ते जेथे असेल तेथे जावयाचे, असे त्यांनी ठरविले. बुद्धगयेहून ते कलकत्त्यास आले. अनागारिक धर्मपाल यांनी स्थापिलेल्या महाबोधी सभेशी त्यांचा तेथे संबंध आला आणि त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस पोहोचले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्य महास्थविर त्या वेळी प्रमुख होते. त्यांच्याजवळ धर्मानंदांनी पालीचे अध्ययन सुरू केले आणि भिक्खुसंघात प्रवेश घेतला. माडांच्या सावलीत बसून जे चित्र त्यांनी मनात रंगविले होते, ते आता त्यांच्या अंगावर वस्त्र होऊन आले. तीन चीवरे, एक भिक्षापात्र, मध्यान्हापूर्वीचे भोजन, पैशाला स्पर्श न करण्याचा नियम आणि दिवसभर ग्रंथाध्ययन, असे ते जीवन होते.

परीक्षा खरी तेथे सुरू झाली. परक्या देशाची हवा आणि परके अन्न त्यांच्या प्रकृतीला मानवेना. भिक्षेत जे येईल ते घ्यावयाचे, आणि यांची सवय शाकाहाराची. शरीर वारंवार तक्रार करू लागले. तरीही पालीचा अभ्यास त्यांनी थांबविला नाही. मूळ सुत्ते वाचावयास मिळू लागली तसा त्यांचा आनंद वाढत गेला. म्हणजे एकाच वेळी दोन निष्कर्ष त्यांच्या हाती येत होते. ज्या ज्ञानासाठी घर सोडले ते ज्ञान खरोखर तेथे होते, आणि ज्या जीवनपद्धतीत ते मिळत होते ती त्यांच्या देहाला व स्वभावाला सर्वस्वी मानवणारी नव्हती. हे दोन निष्कर्ष वेगवेगळे आहेत, हे स्वप्नाळू माणसाला कधी कळत नाही. त्याच्या मनात भाषा, चीवर, ध्यान, प्रवास, मान हे सारे एकाच चित्रात मिसळलेले असते. ते चित्र जगून पाहिले म्हणजेच त्यातला कोणता रंग आपला आणि कोणता उसना, हे निवडता येते.

सिंहलनंतर ते ब्रह्मदेशात गेले. तेथे ब्रह्मी लिपीतील ग्रंथांचा परिचय करून घेतला, विहारात राहून ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात भारतात येऊन कुशीनगरासारख्या तथागतांच्या स्थानांची यात्राही त्यांनी केली. भिक्षापात्र हाती घेऊन, ज्या समाजात भिक्खू म्हणजे काय हेच लोक विसरले होते त्या समाजात फिरणे किती कठीण असते, याचा अनुभव त्यांना या चारिकेत आला. सिंहल व ब्रह्मदेशात उपासकांचा समाज भिक्खूला सांभाळतो. आपल्या देशात तो समाजच शेकडो वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. पैसा हाती धरावयाचा नाही, मध्यान्हानंतर खावयाचे नाही, आणि तरीही महाराष्ट्रात जाऊन धर्माचे ज्ञान लोकांत पोहोचवावयाचे, हे कसे जमावे?

१९०६ च्या आरंभी ते कलकत्त्यास आले. राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ तेथे जोरात होती आणि पाली शिकविणाऱ्या माणसाची गरज होती. धर्मानंदांनी चीवर उतरविले आणि पालीचे अध्यापक झाले. पुढे कलकत्ता विद्यापीठातही त्यांनी पाली शिकविली. शाळेत जाऊन धड शिकू न शकलेला हा गोमंतकीय तरुण सुमारे सहा वर्षांत विद्यापीठाचा अध्यापक झाला होता.

चीवर उतरविणे हे आपल्याकडे अनेकांना पतन वाटते. विनयाच्या नियमांत तसे नाही. भिक्खूला उघडपणे, प्रामाणिकपणे गृहस्थ होता येते. ब्रह्मदेशात असे होणे नवलाचे नसते. ज्याला दोष म्हणावे तो म्हणजे चीवर अंगावर ठेवून आतून दुसरेच जीवन जगणे. धर्मानंदांनी तसे केले नाही. भिक्खूचे जीवन त्यांनी आतून पाहिले, आपल्याला त्यातले काय पेलते आणि काय पेलत नाही हे ओळखले, आणि मूळ हेतू न सोडता त्याचे रूप बदलले. सोडला तो वेष. पाली, शील, साधेपणा आणि बुद्धाचा उपदेश मराठीत आणण्याचा संकल्प ही चार माणके त्यांनी अखेरपर्यंत जपली.

आता या चरित्रातील अवघड भाग सांगितला पाहिजे. धर्मानंद आपले स्वप्न जगून पाहत होते ती वर्षे बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन काढीत होत्या. नवरा जिवंत आहे की नाही, परत येईल की नाही, हे ठामपणे सांगणारे कोणी नव्हते. त्या काळच्या समाजात अशा स्त्रीची स्थिती कशी असते हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारावे लागत नव्हते. त्यांनी ती भोगलेली होती. कलकत्त्यास स्थिर झाल्यावर धर्मानंदांनी कुटुंबाला बोलावून घेतले. १९०७ साली मुलगा दामोदर याचा जन्म झाला. तेच पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झालेले दा. ध. कोसंबी. नंतर मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या. तरीही पुढच्या आयुष्यात धर्मानंदांचे वारंवार परदेशी जाणे आणि बाळाबाईंनी मागे घर सांभाळणे हे चालूच राहिले. एका माणसाच्या प्रयोगाची किंमत दुसरे माणूस मोजत असते, आणि तिचे आत्मचरित्र कोणी लिहीत नाही. आपल्या मुलामुलींना मी हे चरित्र शिकवितो तेव्हा बाळाबाईंचे नाव त्यांच्याकडून वहीत लिहून घेतो.

स्वप्नाची पहिली परीक्षा संपली तरी धर्मानंदांचे परीक्षा घेणे संपले नव्हते. कलकत्त्यात मान होता, चांगला पगार होता. परंतु महाराष्ट्रात बुद्धाचा धर्म पोहोचविण्याचा संकल्प तेथे राहून पुरा होणार नव्हता. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करावे आणि ग्रंथ लिहावेत. कलकत्त्याची नोकरी सोडून त्यांनी ही तुटपुंजी रक्कम पत्करली. या काळात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या पुस्तकरूपाने १९१० साली प्रसिद्ध झाली. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे यासाठीही त्यांनी आणि भांडारकरांनी प्रयत्न केले.

बडोद्याच्या तिजोरीची येथे आठवण होते. ज्या सयाजीरावांनी धर्मानंदांना ५० रुपये दिले, त्यांनीच थोड्या वर्षांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले. दोघांच्या मनात बुद्ध प्रथम आला तोही मराठी चरित्रग्रंथांतून. धर्मानंदांच्या हाती काण्यांचे पुस्तक पडले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका पुस्तकाने माणसाचे काय होऊ शकते याची ही दोन उदाहरणे आपल्या ग्रंथालयाच्या दारावर लावण्याजोगी आहेत.

१९१० साली धर्मानंद अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या थोर पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी हाती घेतली होती. १८९९ साली त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी प्राध्यापक लॅनमन यांना पालीच्या जाणकाराची गरज होती. सिंहली आणि ब्रह्मी दोन्ही लिप्यांतील पोथ्या वाचू शकणारा आणि ग्रंथातील ध्यानमार्गाचा स्वतः अभ्यास केलेला संशोधक मिळणे सोपे नव्हते. भिक्खूच्या जीवनाची जी वर्षे वरवर पाहणाऱ्याला वाया गेलेली वाटली असती, तीच येथे उपयोगी पडली. परंतु श्रेयाच्या प्रश्नावरून लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. पुढे याच कामासाठी ते पुन्हापुन्हा हार्वर्डला गेले. १९१८ च्या खेपेला माणिक आणि दामोदर यांनाही त्यांनी शिक्षणासाठी बरोबर नेले. ‘विसुद्धिमग्गा’ची त्यांची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० साली प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली, तेव्हा ते हयात नव्हते.

१९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे पाली भाषेचे पुढील पिढीतील अध्यापक त्यांच्याच हाताखाली तयार झाले. महाराष्ट्रात पाली शिकविण्याची जी परंपरा सुरू झाली, तिच्या मुळाशी हे वर्ग आहेत. पुढे ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले. १९२९ साली त्यांनी सोव्हिएत रशियात लेनिनग्राड येथे पाली शिकविली. समाजवादाविषयी त्यांना आस्था होती, आणि ते राज्य कसे आहे हेही त्यांनी दूरवरून ऐकण्याऐवजी जाऊन पाहिले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला भाग घेऊन त्यांनी तुरुंगवास पत्करला. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. दोन्ही सत्याग्रहांच्या वाटा वेगळ्या होत्या आणि त्यांतील अंतर आपण मिटवू नये.

त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, त्यांनी बहुजन विहाराची उभारणी केली. बुद्धाचा धर्म विद्यापीठाच्या वर्गांतून श्रमिकांच्या चाळींपर्यंत न्यावा, ही त्यामागची तळमळ होती. त्यांच्या लेखनाचा ओघही याच दिशेने गेला. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘भगवान बुद्ध’ ही त्यांची पुस्तके सोप्या, स्वच्छ मराठीत आहेत. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा तपासून पाहिली. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्राने घर सोडले ही कथा त्यांनी इतिहास म्हणून स्वीकारली नाही, आणि शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचाच संघर्ष येतो. पाण्याच्या वादातून एक तरुण घर सोडतो ही घटना चवदार तळ्याच्या वारसांना कशी वाटते, हे निराळे सांगावयास नको.

आयुष्याच्या अखेरीस आजाराने थकलेल्या धर्मानंदांनी अन्न वर्ज्य करून देह ठेवण्याचे ठरविले. जैन परंपरेतील पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. जून १९४७ मध्ये वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले. या शेवटाशी माझे मन सहमत होत नाही. तथागतांनी स्वतः सहा वर्षे देह कष्टविण्याचा मार्ग आचरून पाहिला, तो निष्फळ आहे असे आढळताच अन्न घेतले आणि मध्यम मार्ग सांगितला. ज्यांनी हा उपदेश मराठीत आणला त्यांचाच शेवट त्याहून निराळा व्हावा, याची खंत वाटते. आदर बाळगूनही असहमत राहता येते, हे आपण बाबासाहेबांकडूनच शिकलो आहोत.

धम्माच्या गुणांमध्ये एहिपस्सिको हा एक गुण आपण रोजच्या वंदनेत उच्चारतो. या आणि पाहा, असे ज्याविषयी म्हणता येते तो धम्म. नुसते ऐकून किंवा परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळून घ्या, असा उपदेश कालामांना झाला. स्वप्नालाही हाच नियम लागू आहे. ज्याची परीक्षा घ्यावयाची तयारी नाही, ते स्वप्न हळूहळू श्रद्धेच्या जागी बसते आणि माणूस त्याच्या पाया पडत आयुष्य घालवितो. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. मधली २१ वर्षे त्यांनी धर्मांचा अभ्यास आणि तुलना करण्यात घालविली. घाईने निवडले असते तरी लाखो लोक त्यांच्यामागे गेले असते. म्हणूनच त्यांनी घाई केली नाही.

पालकांना मला एक विनंती करावयाची आहे. मुलाने शिबिरात चीवर घेतले म्हणजे तो घरातून गेला, अशी भीती काहींना वाटते. तो पाचव्या दिवशी परत आला तर त्याने नाव घालविले, असे दुसऱ्या काहींना वाटते. ही दोन्ही भीती सोडून द्या. सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्याला आठ दिवस पहाटे चारला उठून धावू द्या. शेतीवर परतण्याचे स्वप्न पाहणाऱ्या नोकरदार माजी विद्यार्थ्याने एक खरीप हंगाम, पेरणीपासून काढणीपर्यंत, गावी काढावा. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीला एक रात्र रुग्णाजवळ जागू द्या. परतणे म्हणजे हार नव्हे. आणि निघताना घरी कोण थांबते आहे, त्याचे ओझे किती आहे, हे आधी विचारा. धर्मानंदांना हे विचारता आले नाही; आपल्याला येते.

त्या सायंकाळी भोजनगृहाच्या पायरीवर मी हे सारे त्या मुलाला इतक्या शब्दांत सांगितले नव्हते. धर्मानंद अनेकदा घरी परतले होते आणि भिक्खूचे जीवन जगून त्यांनी चीवरही उतरविले होते, एवढेच सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून त्याने भांड्यातले पाणी घेतले आणि ध्यानगृहाकडे गेला. उरलेले सात दिवस त्याने पूर्ण केले. दहाव्या दिवशी चीवराची नीट घडी करून त्याने ते भन्तेंच्या स्वाधीन केले आणि भिक्खू होण्याचा विचार तूर्त सोडला असल्याचे सर्वांसमोर सांगितले. ते सांगताना त्याची मान खाली नव्हती. जाताना त्याने माझ्याकडे पाली शिकण्याचे पुस्तक मागितले.